ट्रॅक्टरचे शेड आणि मधले दार

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या खेपेला विषय जरा वेगळा आहे, पण उसापासून फार दूरचा नाही. ऊस आला म्हणजे ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टर आला म्हणजे त्याला सावली लागते, आणि सावलीसाठी घराच्या भिंतीला टेकवून चार खांबांवर टिनाचे शेड उभे राहते. लागणीच्या नोंदी घेण्याच्या निमित्ताने आम्हांला सभासदांच्या घरी जावे लागते. दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर, अकोट, तेल्हारा, कुठेही जा, नव्या घराचा नकाशा जवळजवळ एकच. पुढे गेट, बाजूला शेड, आणि शेडातून थेट स्वयंपाकघरात किंवा मधल्या खोलीत उघडणारे एक दार. पुढच्या दाराला सागवानी फळी, पितळी कडी, वर गणपती. शेडातल्या त्या दाराला मात्र पातळ फळ्यांचे झापड आणि एक चिटकणी. या लेखात आपण त्याला मधले दार म्हणू. लेख मुख्यतः त्याच्यासाठीच लिहिला आहे.

पूर्वी ही अडचण नव्हती, कारण घराची मांडणीच निराळी होती. कोठा घरापासून सुटा, मागच्या आवारात. बंडी तिथेच, औत-फाटा तिथेच, आणि रात्री सालदार तिथेच बाज टाकून निजायचा. बैल हेसुद्धा एक प्रकारचे राखणदारच. अनोळखी माणूस जवळ आला की बैल उठून उभा राहतो, फुसफुसतो, गळ्यातली घंटी वाजते. शिवाय रात्री बंडी चोरून कोण किती लांब जाणार? आता बैल कमी झाले, सालदार रात्री आपल्या घरी जातो, आणि कोठ्याची जागा ट्रॅक्टरने घेतली. ट्रॅक्टर चार पावलांवर हवा, पावसात चप्पल न घालता त्याच्यापर्यंत जाता यावे, म्हणून भिंतीत दार पाडले. सोय झाली यात शंका नाही. पण राखणदार गेला आणि त्याच्या जागी एक दार वाढले, हा हिशेब घर बांधताना फारसा कोणी केला नाही.

कायद्याने मात्र हा हिशेब फार आधी करून ठेवला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत घरफोडी कशाला म्हणावे याची उदाहरणे दिली होती. भिंतीला भोक पाडून शिरणे ही घरफोडी. खिडकीतून शिरणे ही घरफोडी. दाराच्या भोकातून तार घालून आतली कडी उचलणे ही घरफोडी. मालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडून कोणी आत शिरला, तर तीही घरफोडीच. त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण होते, आणि ते आपल्या शेडासाठीच लिहिले असावे असे वाटते. घराबरोबर वापरात असलेली बाहेरची इमारत, जिच्यातून घरात जायला थेट आतून वाट आहे, ती या कलमापुरती घराचाच भाग समजावी. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी २०२३ ची भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३३० व्या कलमात ही व्याख्या, उदाहरणे आणि हे स्पष्टीकरण कायम आहे. पुढच्या, ३३१ व्या कलमाप्रमाणे चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. रात्र म्हणजे सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत.

म्हणजे मधले दार असलेले शेड कायद्याच्या दृष्टीने घर आहे. आपल्या दृष्टीने ते अजून वावराचाच एक तुकडा आहे. आम्ही हे बोललो की हमखास उत्तर येते, "साहेब, आपल्या गावात कोन येते चोरी कराले? समदे वयखीचेच हायेत." गाव ओळखीचे आहे हे खरेच. पण शेडाकडे नीट पाहा. तिथे दिवसभर माणसांची ये-जा असते. गॅरेजवाला येतो, खताची गाडी येते, बोअरची मोटार काढणारे येतात, पाणी मागायला कोणी उभा राहतो. यांतले बहुतेक सरळ मार्गाचे. परंतु मधल्या दाराला नुसती चिटकणी आहे आणि किल्ल्या खिळ्याला टांगल्या आहेत, हे त्या सगळ्यांना दिसते आणि त्यांच्या बोलण्यातून चार ठिकाणी जाते. पुढच्या खोलीत आपण कोणालाही असे सहज येऊ देत नाही.

मधले दार किती मोलाचे असते हे आपल्याच जिल्ह्यातल्या गाविलगडाने दाखवून दिले आहे. चिखलदऱ्याला गेलेल्या सभासदांनी तो पाहिला असेल. गडाला बाहेरचा कोट वेगळा आणि आतला कोट वेगळा. डिसेंबर १८०३ मध्ये ऑर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या इंग्रजी फौजेने गडाला वेढा दिला, तोफा डोंगरावर ओढून नेल्या, बाहेरच्या कोटाला भगदाडे पाडली आणि १५ डिसेंबरला हल्ला चढवला. बाहेरचा कोट पडला, पण आतल्या कोटापाशी फौज अडली, कारण तो दरवाजा मजबूत होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल याची तुकडी शिड्या लावून आतल्या भिंतीवर चढली आणि पलीकडे उतरून तिने दरवाजा आतून उघडला. मग गड पडायला वेळ लागला नाही. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला. लढाईची गोष्ट इथे सांगण्याचे कारण एवढेच की बाहेरचा कोट गेला तरी आतला टिकला होता, आणि तो गेला तो शिडीमुळे. आपल्या शेडात शिडी कुठे ठेवलेली असते ते आठवा.

आता दाराची गोष्ट तपशिलाने पाहू. मधले दार पुढच्या दाराइतके, किंबहुना जास्त भक्कम असावे. पुढच्या दारावर रस्त्याची नजर असते. मधल्या दाराशी चोर एकदा शेडात शिरला की त्याला आडोसाही मिळतो आणि पाहिजे तेवढा वेळही. फळी जाड असावी, किंवा जुन्या दाराला शेडाच्या बाजूने लोखंडी पत्रा चढवून घ्यावा. चौकट भिंतीत होल्डफास्ट घालून सिमेंटने पक्की केलेली असावी. अनेक ठिकाणी चौकट नुसती खिळ्यांवर उभी असते, आणि तिला चांगले कुलूप लावणे म्हणजे कुलपाचे पैसे वाया घालवणे. दार घराच्या बाजूला उघडणारे असेल तर बिजागऱ्या आत राहतात, ते बरे. ते शेडाकडे उघडत असेल तर बिजागरीची कांडी बाहेर येते आणि ठोकून काढता येते. अशा कांड्यांच्या टोकांना वेल्डिंगचा एक टाका मारून घ्यावा.

कडी-कोयंड्याचे स्क्रू अर्ध्या इंचाचे असतात. धक्का बसला की कडी शाबूत राहते आणि स्क्रू फळीतून उपटून येतात. त्यांच्या जागी फळीतून आरपार जाणारे बोल्ट घालून आतून नट आवळावेत. दार घराच्या बाजूला उघडत असेल तर सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा उपाय आपल्या आजा-पणजाचाच आहे, तो म्हणजे अडसर. जुन्या वाड्यांत भिंतीतच खोबण ठेवून त्यात लाकडी अडसर सरकवत असत. आज दाराच्या दोन्ही बाजूंना, चौकटीत नव्हे तर भिंतीत, लोखंडी आकडे गाडून त्यांत दीड इंची पाइप आडवा टाकला तरी तेच काम होते. लोहाराकडे अर्ध्या दिवसाचे काम. हा पाइप आतून लहान मूलही उचलू शकते, हा त्याचा दुसरा गुण. मधल्या दाराला रात्री आतून कुलूप घालून किल्ली उशाखाली ठेवण्याची सवय काही घरी आहे. आग लागली तर अंधारात ती किल्ली सापडत नाही. आमचे मत, राहत्या घराला आतून कुलूप नको, अडसर हवा.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. चोर शेडात शिरल्यावर पुष्कळदा आधी घरातल्या माणसांना कोंडतो. मधल्या दाराला शेडाच्या बाजूने कडी असेल तर ती हळूच लावून घेतो आणि मग निवांत बॅटरी काढतो, डिझेल काढतो, सोयाबीनची पोती बाहेर नेतो. शेडाच्या बाजूची कडी रोज लागत नसेल तर ती काढून टाकावी.

आता काळ्या मातीविषयी. आपली जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे सभासदांना आम्ही काय सांगावे. घराचा पाया निदान खोल तरी असतो. शेडाचे खांब बहुतेक दोन-अडीच फुटांत उभे केलेले असतात. त्यामुळे घर एका चालीने हलते आणि शेड दुसऱ्या. दोन-तीन पावसाळ्यांत शेडाची भिंत आणि घराची भिंत यांच्यात फट पडते, चौकट तिरपी होते, आणि आषाढात नीट लागणारी कडी वैशाखात लागेनाशी होते. मग काय होते? "लागत नाही, राहू दे," म्हणून दार नुसते लोटून ठेवले जाते. हे आम्ही इतक्या घरी पाहिले आहे की आमच्या अंदाजाने मधली दारे चोराने फोडण्याआधी काळ्या मातीनेच उघडलेली असतात. कडी शिरते ते भोक थोडे उभट आणि मोठे ठेवावे, म्हणजे चौकट अर्धा इंच हलली तरी कडी बसते. वर्षातून दोनदा, एकदा मृगानंतर आणि एकदा होळीच्या सुमारास, दार लावून पाहावे. नवीन शेड बांधणार असाल तर खांबाखालची काळी माती काढून मुरूम भरा, आणि शेडाची भिंत घराच्या भिंतीत अडकवू नका. दोहोंत सरळ सांधा ठेवा, म्हणजे शेड हलले तरी घराच्या चौकटीला ओढ बसणार नाही. पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यातल्या सभासदांनी ट्रॅक्टर शेडात बोअरच्या पाण्याने धुण्याचेही टाळावे. त्या खाऱ्या पाण्याने फाटकाचा खालचा पत्रा आणि होल्डफास्ट लवकर गंजतात. वरून रंग चांगला दिसतो आणि आत लोखंड उरलेले नसते.

परंतु कितीही पक्के दार केले तरी ते लावले तरच उपयोग. याबाबत खरी अडचण उसाच्या पाण्याची आहे. ज्या गावांत अजून विजेची पाळी रात्रीची येते, तिथे घरचा माणूस बारा-एक वाजता मोटार चालू करायला वावरात जातो. शेडातून मोटारसायकल काढतो, फाटक लोटतो, आणि मधले दार तसेच राहते. घरची बाई उठून लावून घेईल असे तो समजतो. ती दिवसभर निंदणाला गेलेली असते. अचलपूरकडच्या एका घरी कारभारीणबाई आम्हांला म्हणाल्या, "हे जातात मोटर लावाले. मले झोप लागते, पन कान त्या दाराकडंच रायते." सभासद बंधूंनी हे वाक्य जरा मनावर घ्यावे. उसाला वर्षभरात किती पाळ्या लागतात ते आपल्याला पाठ आहे. तेवढ्याच रात्री आपल्या घरातले कोणी तरी अर्धवट झोपेत काढते.

यावर उपाय आहे आणि तो महागाचा नाही. मधल्या दाराला नाइट लॅच बसवावे. दार ओढले की ते आपोआप बंद होते, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही आणि आतून बोटाने उघडते. जाणाऱ्याने किल्ली कमरेला लावावी. परत आल्यावर हॉर्न वाजवू नये, त्याने साऱ्या गल्लीला कळते की घरधनी आत्तापर्यंत बाहेर होता. मोबाइलवर एक रिंग पुरे. ज्या घरी दोन बायका आणि मुलेच मागे राहतात, तिथे माणूस गेल्यावर अडसर टाकावाच आणि तो येईपर्यंत काढू नये. यात भित्रेपणा काही नाही.

शेडात काय काय असते याचीही एकदा मोजदाद करा. सब्बल, कुऱ्हाड, जॅक, पाने, हातोडा, शिडी. चोराला घरून काही आणण्याची गरजच नाही. जॅक लावला तर शटरसुद्धा मधोमध वर उचलता येते. ही अवजारे एका लोखंडी पेटीत घालून पेटीला कुलूप लावावे. शिडी आडवी टांगून साखळीने खांबाला बांधावी. पेटी नसेल तर निदान सब्बल आणि जॅक रात्री घरात घ्यावे.

बाहेरच्या फाटकाविषयी थोडक्यात. शटर असेल तर दोन्ही कडांना कुलपे असावीतच, शिवाय मध्यभागी जमिनीत आकडा गाडून तिसरे कुलूप लावावे. पत्र्याचे दुपाखी फाटक असेल तर त्याच्या एका पाखाला वर-खाली लांब कड्या हव्यात. नाही तर दोन्ही पाखे मिळून हलतात आणि मधल्या फटीतून हात आत जातो. काही सभासदांनी मोठ्या फाटकात माणसापुरती लहान दिंडी ठेवली आहे, ती सोयीची आहे. पण अमरावतीचा परकोट पाहा. निजामाच्या काळात पेंढाऱ्यांपासून व्यापारी पेठेचा बचाव व्हावा म्हणून ही दगडी भिंत बांधली गेली. तिला अंबागेट, जवाहरगेट, नागपुरी गेट असे पाच मोठे दरवाजे आणि माताखिडकी, छत्रपुरी खिडकी अशा चार लहान खिडक्या. खिडकी म्हणजे लहान दरवाजाच, आणि तिच्यावरही मोठ्या दरवाजासारखाच पहारा लागतो. फाटकाला पाच किलोचे कुलूप आणि दिंडीला तारेचा पीळ, असे आम्ही पाहिले आहे. कुलूप सात लिव्हरचे घ्यावे. स्वस्त कुलपात लिव्हर कमी असतात आणि ते वाकड्या तारेनेही उघडते. कुलपाचा दांडा बाहेर जितका कमी दिसेल तितके बरे, म्हणजे सब्बल घालायला जागा राहत नाही.

टिनाचे छपरही पाहून ठेवावे. टिने ज्या हुकांनी बसवतात त्यांचे नट वरच्या बाजूला असतात, आणि पाना असला की दोन टिने दहा मिनिटांत निघतात. काही नटांच्या आट्या ठोकून बिघडवून ठेवल्या तरी ते पान्याने निघत नाहीत. छपरातून शेडात उतरणे ही एक वाट झाली. दुसरी वाट उलट दिशेची. शेडाच्या छपरावर चढले की घराची गच्ची हाताला येते. वऱ्हाडात चैत्र-वैशाखात निम्मे घर गच्चीवर निजते, अकोल्याचा उन्हाळा साऱ्या देशाला माहीत आहे. लोक वर, खालचे पुढचे दार कुलूपबंद, आणि जिन्याचे दार वाऱ्यासाठी उघडे. जे गच्चीवर निजतात त्यांनी खाली येऊन मधले दार एकदा चाचपावे आणि मगच वर जावे. ज्यांच्या घरी गच्चीवर कोणी निजत नाही त्यांनी जिन्याच्या दाराला मधल्या दाराचेच नियम लावावेत.

उन्हाळ्याचा दुसरा सोबती म्हणजे कूलर. कूलर बसवायचा म्हणून खिडकीचे गज कापतात, आणि पावसाळ्यात कूलर काढला की तिथे पुठ्ठा लावतात. ती खिडकी शेडात उघडत असेल तर मधल्या दारावर केलेला सारा खर्च फुकट. कापलेल्या जागेपुरती काढता-घालता येणारी जाळी करून घ्यावी आणि ती आतून बोल्टने आवळावी. शिवाय कूलर चालू असला की शेजारी कोणी सब्बल मारली तरी ऐकू येत नाही. ज्या खोलीत कूलर चालतो त्या खोलीचा भरवसा राखणीसाठी धरू नये. घरातल्या एका जाणत्या माणसाने कूलर नसलेल्या बाजूला निजावे, एवढेच आम्ही सुचवू शकतो. उकाड्यात हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, हे आम्हांलाही ठाऊक आहे.

ट्रॅक्टरविषयी दोन शब्द. एकाच कंपनीच्या पुष्कळ ट्रॅक्टरांना एकच किल्ली चालते, म्हणून किल्ली काढून घेतली म्हणजे ट्रॅक्टर सुरक्षित झाला असे नाही. बॅटरीच्या वायरीवर आडजागी कट-ऑफ स्विच बसवून घ्यावा, किंवा स्टिअरिंग आणि ब्रेकच्या पायट्याला साखळी घालावी. ट्रॉली शेडात फाटकाला आडवी लावावी. आर.सी. बुकाची मूळ प्रत आणि कारखान्याचे पासबुक टूलबॉक्समध्ये ठेवू नये. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर घरात वहीत उतरून ठेवावेत, मोटारपंप आणि स्टार्टरचे नंबरही. विम्याचा कागद काढून वाचावा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. जिथे चोरीचा विमा असतो तिथेही कंपनी ट्रॅक्टरच्या दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून दुसरी किल्ली शेडातल्या खिळ्यावर नको.

कीटकनाशकांचा विषय आम्ही याच लेखात घालतो, कारण तीही शेडातच असतात. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झाले ते कोणी विसरलेले नाही. चोरापासून घर राखताना घरातल्या मुलांना आणि रागाच्या भरात असलेल्या माणसाला विष सहज हाताशी लागू नये, ही राखणसुद्धा त्यातच धरावी. औषधे वेगळ्या कुलूपबंद पेटीत ठेवावीत, पेटी उंचावर असावी आणि तिची किल्ली ट्रॅक्टरच्या जुडग्यात नसावी. डिझेलचे कॅन मधल्या दारालगत ठेवू नयेत, कापसाच्या गंजीजवळ तर मुळीच नाही. आणि फाटक बंद करून ट्रॅक्टर चालू ठेवू नये. त्याचा धूर फटीतून घरात जातो, आणि त्यातल्या विषारी वायूला वास नसतो.

दिवा, कुत्रे आणि कॅमेरा यांचे फार कौतुक करण्यात अर्थ नाही, पण तिन्ही उपयोगी आहेत. दिवा शेडाच्या आत लावण्यापेक्षा बाहेर फाटकावर, हात पोचणार नाही असा लावावा. शेडात रात्रभर दिवा असला तर चोराला स्वतःची बॅटरी लागत नाही. माणूस आला की लागणारा सेन्सरचा दिवा मिळतो, तो चांगला. वीज गेली तर तो इन्व्हर्टरवर चालेल असे पाहा. कुत्रे शेडात बांधू नये, आवारात मोकळे असावे. कॅमेऱ्याची नोंद ज्या पेटीत होते ती पेटी पुष्कळ जण शेडातच बसवतात, आणि चोर ती सोबत घेऊन जातो. ती घरात आतल्या खोलीत हवी.

एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते. गावात चोरी झाली की पहिले बोट ऊसतोडीच्या टोळीकडे जाते, नाही तर गावाबाहेर पाल टाकून राहिलेल्या लोकांकडे. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला, पण मनातून गेलेला दिसत नाही. टोळीतला माणूस पहाटे चारला फडात उभा असतो, त्याच्या बायकोमुलांची झोपडी कुलपाशिवायच असते आणि तिथेही चोऱ्या होतात. पुरावा नसताना कोणाच्या झोपडीची झडती घेऊ नये, कोणाला मारहाण करू नये. तो आपल्यावरच गुन्हा होतो.

आणि इतके करूनही चोरी झालीच तर? रात्री आवाज आला तर एकट्याने शेडात धावू नये. अडसर टाकलेला राहू द्यावा, दिवे लावावेत, आरडाओरडा करावा, शेजाऱ्यांना फोन लावावा आणि ११२ वर कळवावे. सकाळी कशालाही हात न लावता पोलीस पाटलांना बोलवावे. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाप्रमाणे गावातल्या गुन्ह्याची खबर वर कळवणे हे त्यांचे कामच आहे. तक्रार देताना शेडातली चोरी असे मोघम लिहून देऊ नये. शेडातून घरात जायला आतून दार आहे, ते रात्री बंद होते, कडी किंवा कुलूप अमुक प्रकारे उघडले, हे सांगावे आणि तसेच लिहिले आहे ना ते वाचून पाहावे. वहीतले नंबर इथेच कामी येतात. हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, ती कोणत्याही ठाण्यात देता येते. मोबाइलवरून कळवली असल्यास तीन दिवसांत जाऊन सही करावी. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. एफ.आय.आर.ची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी.

पुढच्या महिन्यात खोडव्याच्या नोंदीसाठी आमचे गटातले कर्मचारी घरोघरी येतील. ज्या सभासदांना अडसराचे आकडे भिंतीत कसे गाडावेत किंवा सांधा कुठे ठेवावा हे विचारायचे असेल, त्यांनी त्यांना शेडात नेऊन दाखवावे. तेही याच जमिनीवर घर बांधून राहतात.